गेमिंग लॅपटॉपवर लिनक्स: बॅटरी दोन तासांत गुल, बॅगेत इस्त्री, घड्याळ साडेपाच तास मागे

गवती_चहा | सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. तीन वर्षं नुसतीच वाचक होते, आज पहिलाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

मामेभावाने नवा लॅपटॉप घेतला आणि जुना गेमिंग लॅपटॉप मला दिला. रायझन ७ ५८००एच, एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६०, १६ जीबी रॅम, १६५ हर्ट्झचा स्क्रीन. कोणत्या कंपनीचा ते मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर पहिले वीस प्रतिसाद तिच्यावरच जातील. माझं काम ब्लेंडरमधलं, मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं आणि थोडं ॲनिमेशन. रात्री तासभर काउंटर-स्ट्राइक. ऑफिसात फेडोरा (लिनक्सचाच एक अवतार) वापरते म्हणून इथेही फेडोराच टाकलं, केडीई नावाच्या डेस्कटॉपवालं. विंडोज शेजारच्या पार्टिशनवर तसंच आहे. भाऊ म्हणाला, "पुसू नकोस, कधी लागलं तर."

सगळं चालतं. खरंच चालतं, ब्लेंडर तर पळतं. पण बॅटरी दोन तास जेमतेम टिकते, तेही ब्राउझर आणि एक पीडीएफ एवढंच उघडं असताना. हाच लॅपटॉप विंडोजवर साडेचार तास जातो. पंखा सारखा घूंऽऽ करत असतो. परवा झाकण मिटून बॅगेत टाकला, कोथरूडहून हडपसरला पोचेपर्यंत बॅगेची इस्त्री झालेली. आणि अधूनमधून विंडोजमध्ये गेलं की घड्याळ साडेपाच तास मागे. त्या नादात एक ऑनलाइन मीटिंग हुकली, आता कोणाला सांगू की लॅपटॉपमध्ये सकाळ होती म्हणून.

हे सगळे वेगवेगळे आजार आहेत की एकाच रोगाची लक्षणं?

टर्मिनल_तात्या | मंगळवार, सकाळी ६:५०

स्वागत. घड्याळाचं आधी उरकू, ते सोपं आहे.

मदरबोर्डवर एक छोटं घड्याळ असतं, लॅपटॉप बंद असला तरी ते चालू राहतं. लिनक्स त्यात जागतिक वेळ लिहितो आणि दाखवताना आपले साडेपाच तास मिळवतो. विंडोजला वाटतं की तिथे लिहिलेली वेळ हीच इथली वेळ. एकाच भिंतीवरच्या घड्याळाला दोन भाडेकरू आपापल्या परीने किल्ली देतात, दुसरं काही नाही. 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' एवढं चालवा की झालं. कमांड स्वतःच कुरकुर करेल की हे बरं नव्हे. ती कुरकुर उन्हाळ्यात घड्याळं पुढे-मागे करणाऱ्या देशांसाठी आहे. आपल्याकडे ते नाही, तेव्हा खुशाल दुर्लक्ष करा.

(फिरायला आलोय, मोबाइलवर बडवतोय, म्हणून कमांड उच्चाराप्रमाणे लिहितो. टाइप करताना अर्थातच रोमन.)

बॅटरीचा अंदाज आहे, पण आधी तपासू. चार्जर काढा, पाच मिनिटं काही उघडू नका आणि पॉवरटॉप चालवून किती वॅट जातात ते सांगा. मग एलएसपीसीआय या कमांडच्या यादीत ग्राफिक्सच्या किती ओळी दिसतात ते बघा, एएमडी आणि एनव्हिडिया दोन्ही की एकच. शेवटी सिस फोल्डरात एनव्हिडिया कार्डाचं जे पीसीआय कपाट असतं, त्यातल्या 'पॉवर' खणात 'रनटाइम स्टेटस' नावाची फाइल आहे. ती उघडा. त्यात एकच शब्द असेल.

एक पथ्य: एनव्हिडिया-एसएमआय (कार्डाची खबर देणारी कमांड) मात्र चालवू नका. का ते नंतर सांगतो.

खिडकीतला_कावळा | मंगळवार, सकाळी ९:१५

विंडोजवर साडेचार तास मिळतात असं धागाकर्तीनेच लिहिलंय. मग प्रश्न सुटला की! सिस, पीसीआय, कपाट, खण… लॅपटॉप आहे की आजीचं माजघर? हलके घ्या.

कर्नल_पॅनिक | मंगळवार, सकाळी ९:२२

+१. कावळेबुवांना नाही, तात्यांना.

गवती_चहा | मंगळवार, रात्री १०:०५

घड्याळ सुधारलं! तात्या, दंडवत.

बाकीचं हे घ्या. पॉवरटॉप २४ वॅटच्या आसपास दाखवतं, काहीही न करता. बॅटरी मुळात ६० वॅट-तासांची होती, आता ५२ उरलीय. यादीत दोन्ही कार्डं दिसतात. आणि फाइलीत शब्द आहे 'ॲक्टिव्ह'. दहा वेळा पाहिलं, दहाही वेळा तोच.

टर्मिनल_तात्या | बुधवार, सकाळी ७:१०

५२ भागिले २४, म्हणजे दोन तास दहा मिनिटं. बॅटरी खोटं बोलत नाहीये.

आता सविस्तर लिहितो. कावळेबुवांनी पुढच्या प्रतिसादावर जावं.

गेमिंग लॅपटॉप म्हणजे एका वाड्यात दोन चुली. प्रोसेसरच्या पोटातलं एएमडीचं ग्राफिक्स ही रोजच्या स्वयंपाकाची चूल, एनव्हिडियाचं कार्ड हा लग्नकार्याचा भट्टा. एनव्हिडियाने ही दोन चुलींची पद्धत २०१० मध्ये 'ऑप्टिमस' या नावाने आणली. बहुतेक लॅपटॉपमध्ये स्क्रीनची तार रोजच्या चुलीलाच जोडलेली असते. भट्ट्यावर शिजलेलं आधी तिथे आणून ओततात, मग ते पानात पडतं. लग्न नसेल तेव्हा भट्टा पूर्ण विझलेला हवा. तुमचा धगधगतोय, ॲक्टिव्ह या शब्दाचा अर्थ तोच. नीट झोपलेल्या कार्डाच्या फाइलीत 'सस्पेंडेड' दिसतं.

लिनक्सवर हे विझवणं अनेक वर्षं फार त्रासाचं होतं. बंबलबी नावाच्या जुगाडावर आम्ही दिवस काढले. २०१२ साली फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिनक्सचा जनक लायनस टोरवाल्ड्सला कोणीतरी याच ऑप्टिमसबद्दल विचारलं होतं. कॅमेऱ्याकडे बघून त्याने जे बोट दाखवलं आणि जे म्हटलं ते इथे लिहिलं तर संपादक धागा उडवतील. २०१९ मध्ये ४३५ क्रमांकाच्या ड्रायव्हरपासून (ड्रायव्हर म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) हवा तो प्रोग्रॅम तेवढा मोठ्या कार्डावर पाठवायची अधिकृत सोय आली. २०२२ च्या मे महिन्यात, ५१५ पासून, त्याचा कर्नलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) भाग एनव्हिडियाने खुला केला. म्हणजे बोटाला उत्तर मिळायला दहा वर्षं लागली, पण मिळालं.

कार्डाची झोपायची क्षमता पिढीवर ठरते. पास्कल, म्हणजे १०६० वगैरे, यांना ही गाढ झोप माहीतच नाही. ट्युरिंग, म्हणजे १६५० किंवा २०६०, झोपतात, पण ड्रायव्हरला 'डायनॅमिक पॉवर मॅनेजमेंट'चा पर्याय हाताने द्यावा लागतो. तुमचं ३०६० ॲम्पिअर पिढीतलं आहे, ते न सांगता झोपायला हवं. झोपत नसेल तर कोणीतरी त्याला हलवतंय.

हलवणारे ठरलेले असतात. एचडीएमआयला मॉनिटर लावलाय का? बऱ्याच लॅपटॉपात ते भोक थेट एनव्हिडियाला जोडलेलं असतं, मॉनिटर लावला की कार्डाची झोप संपली. सी-टाइप भोक कधीकधी छोट्या कार्डाला जोडलेलं असतं, तिथून मॉनिटर लावून बघण्यासारखा असतो. बायॉसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगांत) 'डिस्क्रीट' मोड चालू असेल तर स्क्रीनच मोठ्या कार्डाला जोडला जातो आणि छोटं यादीतून गायब होतं. तुमच्या यादीत दोन्ही आहेत, म्हणजे तेही नाही. उरला एखादा प्रोग्रॅम. 'एफ्यूजर मायनस व्ही' ही कमांड डेव्ह फोल्डरातल्या एनव्हिडिया नावाच्या सगळ्या फाइलींवर सुडो (मालकाचे हक्क) लावून चालवा. एकदाच नाही, दहा-पंधरा वेळा. कोण धरून बसलंय ते दिसेल.

वऱ्हाडी_ठेचा | बुधवार, दुपारी १:३०

तात्यांचा प्रतिसाद वाचनखुणेत टाकला.

मी अकोल्याचा, त्यामुळे उष्णतेवर बोलायचा हक्क राखून आहे. इथे मे महिन्यात बाहेर ४५ असतं, घरात कूलर लावूनही ३४. अशा हवेत ५८००एच गेम सुरू केल्याबरोबर ९५ ला जाऊन टेकतो आणि तिथेच मुक्काम करतो. इंटरनेटवर लोकं सांगतात पेस्ट बदला, अमुक पॅड लावा. बदललं बा, चार अंश कमी झालं.

खरा फरक पडला तो बूस्ट बंद केल्याने. सिस फोल्डरात सीपीयूच्या सीपीयूफ्रीक खणात 'बूस्ट' नावाची फाइल आहे, त्यात १ च्या जागी ० लिहायचं. प्रोसेसर ४.४ गिगाहर्ट्झला उड्या मारायचं सोडून ३.२ वर गपगुमान चालतो. माझं तापमान ९५ वरून ७६ वर आलं. गेममधे ओझं कार्डावर असतं, त्यामुळे फ्रेम माझ्या मोजणीत शंभरातल्या चार-पाच गेल्या. तेवढ्या मी उन्हाळ्याला दान केल्या. ब्लेंडरमधे प्रोसेसरवर रेंडर करत असाल तर मात्र वेळ वाढेल, पण तुमच्याकडे कार्ड आहे.

आणि एक: लॅपटॉप कूलरच्या तोंडासमोर ठेवू नका. गार वाटते हवा, पण असते ओली. माझ्या मित्राच्या कीबोर्डची डावी बाजू त्यातच गेली. साधा टेबलफॅन आणि खाली दोन वह्या, काम झालं.

पाटा_वरवंटा | बुधवार, दुपारी ३:१०

वह्यांऐवजी पाण्याच्या बाटलीची चार झाकणं कोपऱ्यांना. खालून हवा जायला वाट मिळते. ऐंशी टक्के कूलिंग पॅड याहून जास्त काही करत नाहीत.

गवती_चहा | बुधवार, रात्री ११:३०

तात्या, विचित्र प्रकार आहे. एफ्यूजर बहुतेक वेळा रिकामं येतं. पण मधूनच, एखाद्या सेकंदापुरतं, एक नाव दिसतं आणि जातं: एनव्हिडिया-एसएमआय. तुम्ही सांगितलं होतं चालवू नका, मी खरंच चालवलेलं नाही! मॉनिटरही नाही लावलेला. लॅपटॉपला भूत लागलंय का?

टर्मिनल_तात्या | गुरुवार, सकाळी ६:४५

खालच्या पॅनलवर तापमान दाखवणारं काही लावलंय का?

गवती_चहा | गुरुवार, सकाळी ८:०२

…

हो.

पंखा फार फिरतो म्हणून पहिल्याच दिवशी एक विजेट लावला होता. प्रोसेसरचं तापमान, कार्डाचं तापमान, दर दोन सेकंदांनी.

टर्मिनल_तात्या | गुरुवार, सकाळी ८:१५

सापडलं भूत. कार्डाचं तापमान विचारायचं तर कार्ड जागं करावं लागतं. तो विजेट दर दोन सेकंदांनी त्याच्या खांद्याला हात लावून विचारतोय, "झोपलास का रे? ताप तर नाही ना?" ते कसं झोपणार! एनव्हिडिया-एसएमआय चालवू नका म्हटलं ते याचसाठी. ती कमांड चालवली की कार्ड उठतं आणि उत्तर देतं 'मी जागा आहे', आणि माणूस समजतो की बघा, सापडला दोष.

विजेटमधली कार्डाची ओळ काढा, प्रोसेसरची राहू द्या. मग ती फाइल वाचा. फाइल वाचल्याने कार्ड उठत नाही.

कर्नल_पॅनिक | गुरुवार, सकाळी ८:४०

🤣🤣 ताप मोजल्यामुळे ताप!

गवती_चहा | गुरुवार, रात्री ९:५०

सस्पेंडेड!!!

ओळ काढली आणि अर्ध्या मिनिटात पंखा थांबला. या लॅपटॉपचा पंखा थांबतो हे मला आज कळलं. २४ वरून १३ वॅट. मग बॅटरीवर असताना स्क्रीन १६५ वरून ६० हर्ट्झवर आणला आणि उजेड निम्मा केला, ११ वॅट. हिशोबाने पावणेपाच तास होतात, म्हणजे विंडोजच्या पुढे. कावळेबुवा वाचताय ना?

आता बॅगेतल्या इस्त्रीचं.

खिडकीतला_कावळा | गुरुवार, रात्री १०:३०

वाचतोय. अभिनंदन. बॅगेत तापायचा प्रकार मात्र फक्त लिनक्सचा नाही हे प्रामाणिकपणे कबूल करतो. माझा विंडोजवालाही दोनदा तापलाय. झाकण मिटल्यावर आतल्या आत अपडेट करत बसतो.

टर्मिनल_तात्या | शुक्रवार, सकाळी ७:००

कावळेबुवांचं बरोबर आहे, मूळ दोन्हीकडे एकच. झोपेचे दोन प्रकार. जुना एस३, त्यात रॅम सोडून जवळजवळ सगळ्याचीच वीज जाते. नवा प्रकार मोबाइलसारखा, डोळे मिटून पडायचं पण कान उघडे. या नव्या प्रकारात एखादा जरी भाग नीट झोपला नाही, तरी रात्रभर वीज जाते आणि बॅगेत हवा नसल्याने तापतं. तुमच्याकडे तर परवापर्यंत झोप न येणारं कार्डच होतं.

सिस फोल्डरातल्या पॉवर खणात 'मेम स्लीप' नावाची फाइल आहे. तिच्यात 'एस२आयडल' आणि 'डीप' असे दोन शब्द दिसले तर नशीब, 'डीप' म्हणजे एस३. चौकटी कंसात असतो तो सध्याचा. कर्नलला सुरू होताना 'मेम स्लीप डिफॉल्ट बरोबर डीप' असं सांगायचं, फेडोरावर ग्रबी नावाच्या कमांडने ते कायमचं होतं. एकच शब्द दिसला तर कंपनीने बायॉसमधून एस३ काढून टाकलाय, मग बॅगेत टाकण्याआधी सरळ बंद करा. कर्नलचे उपाय शोधत महिना घालवू नका, मी घालवलाय.

दुसरं, जागं झाल्यावर ब्लेंडरमध्ये रंगीत कचरा दिसतो का? झोपताना कार्डाच्या स्वतःच्या मेमरीतलं सामान हलवून ठेवावं लागतं. ड्रायव्हरचा 'प्रिझर्व्ह व्हिडिओ मेमरी' पर्याय चालू हवा आणि एनव्हिडियाच्या सस्पेंड, रिझ्यूम या सेवाही. हे सामान ठेवायची जागा डिस्कवर असावी. फेडोराचं टेम्प फोल्डर रॅममध्ये असतं. तुमचं कार्ड ६ जीबीचं, रॅम १६, तिथे कोंबाकोंबी होते. व्हार फोल्डरातलं टेम्प द्या.

कर्नल_पॅनिक | शुक्रवार, सकाळी ११:२०

फेडोरावाल्यांसाठी माझ्या फजितीतून एक सूचना. आरपीएम फ्युजन या भांडारातून एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकला की तो तुमच्या कर्नलसाठी मागच्या दाराने तयार होत असतो. स्क्रीनवर 'पूर्ण' असं आलं तरी आत काम चालू असतं. मी लगेच रीस्टार्ट मारला आणि काळा पडदा. तेव्हापासून चहा करून येतो, मग रीस्टार्ट. कर्नलच्या प्रत्येक अपडेटला हेच.

सिक्युअर बूट (सही नसलेलं काही सुरू होऊ न देणारा पहारा) चालू असेल तर ड्रायव्हरवर सही लागते. आपण आपली किल्ली बनवतो, ती नोंदवणारी मोकयुटिल कमांड एक पासवर्ड विचारते, रीस्टार्टनंतर निळा पडदा येतो, तिथे 'एन्रोल' निवडून तोच पासवर्ड द्यायचा. तो पडदा फक्त एकदाच, थोड्या सेकंदांसाठी येतो. मी तेव्हा फोनवर बोलत होतो. पुन्हा पहिल्यापासून.

आणि गवती चहा, गेम खेळताना तुमचं कार्ड किती वॅट घेतं? माझं ३०६० लिनक्सवर ८० च्या वर जाईचना, विंडोजवर ११५ ला टेकायचं. ड्रायव्हरसोबत 'एनव्हिडिया-पॉवरडी' नावाची सेवा येते, ती माझ्याकडे बंद होती. तिचं काम प्रोसेसरच्या वाट्याची उरलेली वीज कार्डाला देणं. ॲम्पिअर आणि पुढच्या कार्डांनाच लागू, तीही चार्जर लावलेला असताना. सुरू केली आणि गेम गुळगुळीत. (हे बघायला एनव्हिडिया-एसएमआय चालवलं तर चालेल ना तात्या? गेममध्ये कार्ड जागंच असतं.)

टर्मिनल_तात्या | शुक्रवार, सकाळी ११:४५

चालेल.

बदलापूर_लोकल | शुक्रवार, दुपारी ४:१५

धागा उत्तम चाललाय, माझीही पिशवी त्यात टाकतो. लेकाला लॅपटॉपवर लिनक्स टाकून द्यायचं म्हणतो, पण तो म्हणतो व्हॅलोरंट चालणार नाही. खरं का? आणि पंख्याचा वेग वाढवणारी बटणं, कीबोर्डचे रंगीत दिवे, चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवणं, हे सगळं कंपनीच्या विंडोज ॲपमधून होतं. त्याचं काय?

कर्नल_पॅनिक | शुक्रवार, सायंकाळी ६:३०

लेक बरोबर बोलतोय. व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड, म्हणजे लबाडी पकडणारा पहारेकरी, विंडोजच्या कर्नलमध्ये जाऊन बसतं, लिनक्सवर त्याला जागा नाही. फोर्टनाइटही नाही. एपेक्स लिजंड्स चालायचं, २०२४ च्या ऑक्टोबरअखेर त्यांनी लिनक्सचा दरवाजा बंद केला. जे गेम ऑनलाइन पहारेकऱ्याशिवाय चालतात, त्यातले बहुतेक २०१८ मध्ये आलेल्या व्हॉल्व्हच्या प्रोटॉनमुळे (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारा प्रोग्रॅम) स्टीमवर सहज चालतात. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ तर मूळचेच लिनक्सवर आहेत. मुलाचा जीव व्हॅलोरंटमध्ये असेल तर विंडोज राहू द्या. घरात भांडण लावून लिनक्सचा प्रचार होत नाही.

टर्मिनल_तात्या | शनिवार, सकाळी ७:३०

पंखा, दिवे, चार्जिंग यांच्याबद्दल.

मदरबोर्डवर मुख्य प्रोसेसरशिवाय एक चिमुकला कारभारी बसलेला असतो, एम्बेडेड कंट्रोलर. पंखे, कीबोर्डचे दिवे, बॅटरी, झाकण, सगळं त्याच्या हातात. त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलायचं हे प्रत्येक कंपनीचं गुपित. विंडोजचं ॲप ती भाषा जाणतं, लिनक्सवाल्यांनी ती ऐकून ऐकून शिकलीय. त्यामुळे कोणतं मॉडेल जास्त लोकांनी विकत घेतलं यावर तुमची सोय ठरते. असूसवाल्यांना असूससीटीएल आहे, लिजनवाल्यांना लेनोव्हो-लिजन-लिनक्स, एमएसआयसाठी एमएसआय-ईसी. एचपी, एसर, डेल यांचेही भाग कर्नलमध्ये आहेत, कोणाला जास्त येतं कोणाला कमी.

तीन वेग, शांत, मध्यम आणि धावता, हे कर्नल ५.१२ पासून 'प्लॅटफॉर्म प्रोफाइल' म्हणून एकाच जागी मिळतात. केडीईच्या बॅटरीच्या चिन्हात दिसणारी सरकपट्टी तीच. तिच्यासोबत टीएलपी (वीज वाचवणारा दुसरा प्रोग्रॅम) टाकू नका. दोघे एकमेकांची कामं पुसत बसतात आणि मग लोक इथे धागे काढतात. चार्जिंगची मर्यादा बॅटरीच्या फोल्डरात 'चार्ज कंट्रोल एंड थ्रेशोल्ड' या फाइलीत ८० लिहून होते. लेनोव्होच्या लिजनसारख्या लॅपटॉपांत तिच्याऐवजी 'कॉन्झर्व्हेशन मोड' असतो. काही लॅपटॉप रीस्टार्टनंतर हा आकडा विसरतात. आधी फाइल आहे का ते बघा.

एका बाबतीत मात्र हात जोडून सांगतो. इंटरनेटवर कोणाच्या तरी मॉडेलची पंख्याची फाइल मिळते, ती आपल्या कारभाऱ्यावर चालवू नका. एका लॅपटॉपात ज्या कप्प्यात पंख्याचा वेग असतो, दुसऱ्यात तिथेच भलतंच काही असतं. माझ्या एका विद्यार्थ्याने असं केलं, पंखा शून्यावर जाऊन बसला, आणि त्याला ते कळलं तेव्हा गेम सुरू होऊन दहा मिनिटं झाली होती. वाचला लॅपटॉप, पण चार्जर काढून, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून कारभाऱ्याला भानावर आणावं लागलं.

वऱ्हाडी_ठेचा | शनिवार, सकाळी १०:००

अवांतर: कीबोर्डच्या दिव्यांचे रंग लिनक्सवर बदलत नसतील तर दुःख करू नका. रात्री लाईट गेली की एक पांढरा दिवा पुरतो.

खिडकीतला_कावळा | रविवार, सकाळी ११:१०

एक प्रश्न. मित्रासाठी विचारतोय. त्याच्या इंटेलवाल्या गेमिंग लॅपटॉपवर लिनक्सचा पेनड्राइव्ह लावला, सगळं दिसतं, पण इन्स्टॉल करताना एसएसडीच दिसत नाही. १ टीबीची आहे, कुठे गेली?

कर्नल_पॅनिक | रविवार, सकाळी ११:१८

"मित्रासाठी." 😄

टर्मिनल_तात्या | रविवार, दुपारी १२:४०

मित्राला सांगा, घाबरू नको. बायॉसमध्ये साठवणुकीचा मोड रेड किंवा आरएसटीवर असेल, तेव्हा एसएसडी इंटेलच्या पडद्याआड जाते. एएचसीआय केलं की दिसेल. पण थेट बदललं तर विंडोज सुरू होताना निळा पडदा दाखवेल. आधी विंडोजला पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगायचं, मग बायॉसमध्ये बदल करायचा, एकदा सेफ मोडमध्ये उतरू द्यायचं, मग तो पर्याय काढायचा.

आणि हे करण्याआधी बिटलॉकरची (विंडोजने डिस्कला लावलेल्या कुलपाची) ४८ आकडी किल्ली कागदावर उतरवून घ्या. बायॉसमध्ये हात घातला की विंडोजला संशय येतो आणि ती किल्ली मागतं. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते. मित्राला खात्याचा पासवर्ड आठवतो का ते आधी विचारा. विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप' पण बंद करायचं. ते चालू असलं की विंडोज पुरतं बंद होतच नाही, आणि लिनक्समधून त्याची पार्टिशनं फक्त वाचता येतात, त्यांवर लिहिता येत नाही.

गवती_चहा | रविवार, रात्री ९:२०

माझ्याकडे दोन्ही शब्द होते! 'डीप' केलं. काल रात्री १० वाजता ८४ टक्क्यांवर झाकण मिटलं, सकाळी ७ ला ८२. आज बॅगेत घालून हडपसरला नेला, थंडगार. पॉवरडीही सुरू केली, गेममध्ये कार्ड आता १०० च्या वर जातं. बूस्ट बंद करायचं पुण्यात अजून लागलं नाही, पण मे महिना बाकी आहे.

एकच राहिलं. उजेड कमी-जास्त करायची बटणं दाबली की चिन्ह हलतं, उजेड हलत नाही. पॅनलवरच्या पट्टीने मात्र होतो. त्यावर वेगळा धागा काढू का?

टर्मिनल_तात्या | रविवार, रात्री ९:४५

काढू नका, इथेच विचारा. बॅकलाइट नावाच्या फोल्डरात दोन नावं दिसतात का, एक एएमडीचं आणि एक एनव्हिडियाचं? बटण चुकीच्या चुलीची आच कमी करत असणार. दोन दिसली तर 'एसीपीआय बॅकलाइट बरोबर नेटिव्ह' हा पर्याय आधी बघू.

खिडकीतला_कावळा | मंगळवार, रात्री ११:५५

मित्राच्या लॅपटॉपवर लिनक्स बसलं. एसएसडी दिसली, किल्ली कागदावर होती, विंडोजही जिवंत आहे. दिसायला देखणं आहे हो, मानलं. फक्त बॅटरी दोन तासांत संपते आणि पंखा थांबत नाही. काय ते कळावं म्हणून पॅनलवर तापमानाचा एक झकास विजेट लावलाय, दर सेकंदाला दोन्ही आकडे दाखवतो.

कर्नल_पॅनिक | बुधवार, रात्री १२:०३

तात्या, उठा.

टर्मिनल_तात्या | बुधवार, सकाळी ६:४०

कावळेबुवा, धागा पहिल्यापासून वाचा. बुधवारचा प्रतिसाद वगळून पुढे जा असं मीच सांगितलं होतं, तो शब्द मागे घेतो.